जुन्या सेडानचे दुखणे ओळखताना

आमची चार दारांची पेट्रोल सेडान या वर्षी १९ वर्षांची झाली. घरातली तीन माणसे तिच्यावर गाडी चालवायला शिकली, आणि गेली आठ-नऊ वर्षे तिच्या लहानमोठ्या दुखण्यांचा छडा लावण्याचे काम मी मनापासून करतो आहे. पेशाने मी मेकॅनिक नाही आणि मोठी कामे गॅरेजमध्येच देतो. पण गाडी तिथे नेण्याआधी बिघाड कुठे असावा याचा अंदाज मालकाला असलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, कारण रोज गाडीत बसणाऱ्याला जे ऐकू येते आणि जाणवते, ते दहा मिनिटांच्या फेरीत मेकॅनिकला कळेलच असे नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत 'काय बिघडले?' हा प्रश्न आधी विचारला की आपण लगेच एखाद्या सुट्या भागाचे नाव घेतो, तो भाग बदलतो आणि दुखणे जागच्या जागी राहते. म्हणून मी आधी 'केव्हा होते?' असे विचारतो. इंजिन थंड असताना की तापल्यावर, गाडी उभी असताना की वेगात, आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांबरोबर, वळताना होतो, ब्रेक दाबताना की खड्ड्यातून जाताना, एवढे नीट टिपले की बोनेट उघडण्यापूर्वीच संशयाच्या जागा दोन-तीनच उरतात.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे जुन्या गाडीतले बिघाड नव्या गाडीसारखे नसतात. तेल वेळच्या वेळी बदललेल्या इंजिनातले लोखंड सहसा फार झिजत नाही. पण रबर, विजेचे जोड आणि गाडीतली द्रव्ये गाडी चालो वा न चालो, काळाबरोबर म्हातारी होतातच. 'गाडी फारच कमी चालली आहे' हे ऐकून ज्यांना समाधान वाटते त्यांनी टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचून पाहावेत. तिथे ३५१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनलेला आहे, मग त्याची नक्षी कितीही शाबूत दिसो. त्याच वयाचे पाण्याचे होस, सस्पेन्शनचे बुश आणि इंजिनचे माउंटिंगही त्या गाडीत असू शकतात.

सुरुवात विजेपासून करतो, कारण माझी सर्वांत मोठी फसगत तिथेच झाली. चार वर्षांपूर्वी गाडी सकाळी सुरू होईना. किल्ली फिरवली की सेल्फ एकदा 'टक्' करून गप्प बसायचा, डॅशबोर्डवरचे दिवे मंद व्हायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला इंजिन सुरू व्हायचे. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलली, महिन्याभराने अल्टरनेटर बदलला, आणि तरी 'टक्' कायम राहिले. तेव्हा मी पहिल्यांदा स्वतः व्होल्टमीटर हातात घेतला. बॅटरी रात्रभर स्वस्थ उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण भरलेली होती. इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट मिळत होते, म्हणजे चार्जिंगही ठीक होते, कारण ते साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावे लागते. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर धरून मी मुलीला सेल्फ मारायला सांगितले. मीटरवर १.८ व्होल्ट उमटले. हे दोन्ही बिंदू जाड तारांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक सेल्फ मारतानासुद्धा ०.३ व्होल्टच्या आतच असायला हवा.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर खाली गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी तांब्याची विणलेली अर्थिंग पट्टी दिसली. वरून ती धडधाकट होती, पण बोल्ट सोडून तिचे टोक बाजूला केले तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला हिरवट-पांढऱ्या भुकटीचा जाड थर जमलेला होता आणि बॉडीवरची जागा तपकिरी गंजाने खडबडीत झाली होती. बोल्टच्या कडेला तेवढी नखाएवढी चकचकीत जागा उरली होती आणि सेल्फचा सगळा प्रवाह तेवढ्यातून वाट काढत होता. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून लखलखीत केल्या, बोल्ट आवळला, वर ग्रीसचा हात दिला आणि पुन्हा मोजले तर ०.१ व्होल्ट. त्यानंतर तो 'टक्' आजतागायत ऐकू आलेला नाही.

या बिघाडाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. सेल्फ १५० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. जोडातला रोध ०.०१२ ओहम एवढा नगण्य असला, तरी १५० अँपिअरला तिथे १.८ व्होल्ट वाया जातात आणि तेवढे सेल्फला कमी मिळतात. साध्या मीटरवर तीच पट्टी ओहममध्ये मोजली तर आकडा शून्यच दिसेल आणि आपण तिला निर्दोष ठरवू. म्हणून जोडाची परीक्षा त्याच्यातून प्रवाह वाहत असतानाच घ्यावी लागते. धन बाजूच्या जाड तारेचीही हीच चाचणी करता येते.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर मात्र चाचणी वेगळी. गाडी बंद करून, कुलूप लावून, आतले कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला संगणक, झोपी जाईपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबावे आणि मग बॅटरीच्या ऋण तारेत मीटर मालिकेत जोडून प्रवाह पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा घसरतो त्याच वाटेवर चोर आहे. आमच्याकडे तो डिकीतला दिवा होता, झाकण बंद झाले तरी जळत राहणारा.

गाडी गरम होणे हे दुखणे माणसाला सर्वांत जास्त घाबरवते, आणि ते योग्यच आहे, कारण काटा लाल पट्ट्यात असताना रेटलेले चार किलोमीटर इंजिनचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, वाकवायला पुरतात. इथेही 'केव्हा?' हा प्रश्न अर्धे काम करतो. गाडी वाहतुकीत खोळंबली की तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, असे होत असेल तर रेडिएटरवरून हवा खेचणाऱ्या पंख्याकडे पाहावे: मोटर, फ्यूज, रिले आणि तापमानाचा सेन्सर. याउलट संथ चालताना सगळे ठीक असून वेगात किंवा चढावर काटा चढत असेल, तर हवा पुरेशी मिळते आहे पण पाणी पुरेसे फिरत नाही, म्हणजे रेडिएटर आतून चोंदलेला आहे, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर त्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, पूर्ण उघडत नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर उलटे घडते: काटा मधोमध येतच नाही, हीटरची हवा कोमट राहते आणि इंजिन अजून थंडच आहे अशा समजुतीने कंट्रोल युनिट जास्त पेट्रोल सोडत राहते. मायलेज घटल्याची तक्रार घेऊन येणारे कितीतरी लोक या काट्याकडे पाहतच नाहीत.

रेडिएटरच्या झाकणाकडेही कुणी फारसे लक्ष देत नाही. ते नुसते झाकण नसून दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे. आत वातावरणापेक्षा एक बार जास्त दाब राहिला तर साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते, आणि त्यात कूलंट असेल तर त्याहून वर. झाकणाचे रबर कडक झाले, दाब टिकेनासा झाला, की बाकी सगळे शाबूत असूनही पाणी उकळून बाहेर पडते. ते तपासण्याची घाई मात्र गरम इंजिनावर कधीही करू नये. दाब सुटताच उकळते पाणी थेट चेहऱ्यावर येते आणि हा अपघात फार वाईट असतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हातच लावायचा नाही.

कूलंट कमी होते आहे पण खाली एक थेंबही पडत नाही, अशी स्थिती आली तर मी क्रमाने तीन गोष्टी पाहतो. पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओलसर आहे का आणि आत गोडसर वास येतो का, तसे असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. वॉटर पंपाच्या खाली वाळलेल्या कूलंटचे रंगीत ओघळ आहेत का. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे सकाळी थंड इंजिन सुरू करून एका मिनिटात रेडिएटरचा वरचा होस दाबून पाहणे. पाणी अजून तापलेले नसताना होस दगडासारखा कडक झाला असेल, तर तो दाब वाफेचा असू शकत नाही. ज्वलनाचे वायू हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, पाण्यात शिरत आहेत. तेलाच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला की लोक लगेच हेड गॅस्केट गेल्याचा निष्कर्ष काढतात, पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर साध्या बाष्पानेही तसा फेस येतो. डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी स्थिर असेल, तर आधी गाडी तासभर चालवून आणावी आणि मग पुन्हा पाहावे.

धुराची भाषा बऱ्याच जणांना ठाऊक असते: निळा धूर तेलाचा, काळा जास्तीच्या पेट्रोलचा, आणि इंजिन तापल्यावरही न जाणारा पांढरा कूलंटचा. मला त्यात वेळेची भर घालावीशी वाटते. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताच निळा झोत सोडला आणि नंतर धूर थांबला, तर तेल व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रीत खाली झिरपलेले असते. चढावर जोर देताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बोट जाते. खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्यावे, आणि ज्या सिलिंडरचा आकडा कमी येईल त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजवली असा त्याचा अर्थ. तेवढाच राहिला तर गळती व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे.

तेलाच्या गळतीबद्दल एक कळकळीची सूचना. जुन्या इंजिनचे एक सील बदलले की दुसरे गळू लागते, दुसरे बदलले की तिसरे, असा अनुभव अनेकांना येतो आणि ते इंजिनच्या वयाला दोष देतात. त्याआधी क्रँककेसमधले, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतले, वायू पुन्हा इंजिनात ओढून घेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासावा. तो चिकटला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथे कमकुवत जागा मिळेल तिथून बाहेर ढकलले जाते. इंजिन आयडलिंगला ठेवून तेलाचे झाकण सैल करून पाहावे: ते किंचित आत खेचले गेले तर ठीक, आणि आतून फुंकर आल्यासारखे उचलले गेले तर आधी हा छोटा व्हॉल्व्ह आणि त्याची नळी साफ करावी किंवा बदलावी, सीलचे नंतर पाहावे. तरीही फुंकर येतच राहिली तर झिजलेल्या रिंगांमधून वायू खाली उतरत आहेत.

गाडी मिसिंग करत असेल, आयडलिंगला थरथरत असेल आणि इंजिनचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचणे सोपे झाले आहे, पण कोडने कुठला भाग बिघडला हे सांगितले असे समजणे ही मोठी चूक आहे. पी ०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही, एवढेच. ते कॉइलमुळे, प्लगमुळे, इंजेक्टरमुळे की कमी कॉम्प्रेशनमुळे, हे आपल्यालाच शोधायचे असते. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या गाडीत एक आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करावी. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला आणि प्रश्न मिटला. कोड तिथेच राहिला तर याच रीतीने प्लग हलवून पाहावा.

पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, असा कोड आला की ऑक्सिजन सेन्सरच बदलून टाकण्याची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. खरे तर तो सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा, म्हणजे कंट्रोल युनिट नेहमीपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडते आहे याचा, आकडा आयडलिंगला पाहावा आणि मग इंजिन २,५०० फेऱ्यांवर धरून पुन्हा पाहावा. आयडलिंगला तो अधिक २० टक्के आणि फेऱ्या वाढवल्यावर जवळजवळ शून्य असेल तर इनटेक मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांजवळ, कुठेतरी चोरटी हवा आत शिरते आहे, कारण इंजिन संथ चालते तेव्हा तेवढीशी हवाही प्रमाणाने मोठी ठरते. फेऱ्यांबरोबर आकडा वाढत गेला तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे, म्हणजे फिल्टर किंवा पंप. आमच्या गाडीत करंगळीएवढ्या जाडीच्या रबरी नळीच्या वाकणावर, खालच्या बाजूला, बोटाने दाबल्यावरच उघडणारी एक चीर होती. वरून पाहणाऱ्याला ती जन्मात दिसली नसती.

चाकांकडचे आवाज ओळखायला सर्वांत चांगली जागा चालकाची नव्हे. मागून येणारी घरघर मला पुढून येते असे वाटत होते. मागच्या सीटवर बसलेल्या आईने 'अरे, हे माझ्या पायांखालून येते आहे,' असे सांगितले तेव्हा माझा आठवडाभराचा शोध योग्य बाजूला वळला. ती घरघर ५० च्या वेगाला सुरू व्हायची आणि गिअर न्यूट्रल करून गाडी घरंगळत सोडली तरी तशीच राहायची, म्हणजे इंजिन आणि क्लच दोन्ही संशयातून सुटले. टायर की बेअरिंग एवढाच प्रश्न उरला. मोकळ्या रस्त्यावर गाडी हळुवारपणे डावीउजवीकडे झुलवली की भार बाहेरच्या बाजूच्या चाकांवर जातो, आणि डावीकडे वळताना घरघर वाढली तर संशय बहुधा उजव्या बेअरिंगवर येतो. आमचे तसेच निघाले. टायरचा आवाज अशा झुलवण्याने फारसा बदलत नाही, रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की मात्र बदलतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना पुढून 'कट्-कट्' ऐकू आले तर ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या जॉइंटचे बूट फाटून ग्रीस निघून गेले आहे का ते पाहावे. लहान खड्ड्यांवर सुटा खडखडाट होत असेल तर आधी स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड तपासाव्यात. स्ट्रट बदलायची घाई नको.

ब्रेकच्या बाबतीत शंका आली की गाडी उभी करावी, मग तपास करावा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मास्टर सिलिंडरची आतली सील गेली आहेत. पेडल स्पंजासारखे मऊ लागले तर नळ्यांत हवा आहे. पेडल दगडासारखे कठीण झाले तर इंजिन बंद ठेवून ते चार-पाच वेळा दाबावे, दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी निकामी आहे.

एकच चाक तापत असेल, त्याचा ब्रेक सुटत नसेल, तर जॅक लावून ते हाताने फिरवून पाहावे आणि कॅलिपरवरचा ब्लीडर, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू, थोडा सैल करावा. तेल उडून चाक मोकळे झाले तर दाब अडकला होता, म्हणजे रबरी ब्रेक होस आतून फुगून बुजला आहे. चाक तरीही जाम राहिले तर पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजल्या आहेत. या एका चाचणीने विनाकारण बदलला जाणारा कॅलिपर वाचतो. ब्रेक ऑइल हवेतले बाष्प शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे.

टायमिंग बेल्टचे मात्र निदान होत नाही. तो बहुतेक वेळा काहीच न सांगता तुटतो, आणि अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. तिथे गाडीच्या पुस्तिकेतले किलोमीटर आणि वर्षे यांपैकी जे आधी भरेल ते पाळणे एवढेच हातात असते. जुनी गाडी विकत घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद मिळाली नाही, तर तो बदललेला नाही असेच धरावे.

हे सगळे मी एका वहीत लिहितो: तारीख, किलोमीटर, लक्षण केव्हा दिसले, काय मोजले, काय बदलले. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि किमान आठवडाभर गाडी चालवून पाहायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, कारण दोन भाग एकदम बदलले तर बरे कशामुळे वाटले हे कधीच कळत नाही.

वहीतली सध्याची शेवटची नोंद गिअरबॉक्सची आहे. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना बारीक गुरगुर येते आणि क्लच दाबला की थांबते. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर मी क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचे नाव लिहिले असते; दाबल्यावर तो थांबतो आहे, म्हणजे क्लचकडून फिरणारा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट थांबला की आवाज थांबतो, म्हणून संशय त्याच्या बेअरिंगवर आहे. रविवारी गिअरबॉक्सचे तेल काढून त्याच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय जमले आहे ते पाहणार आहे. करड्या रंगाचा मऊ गाळ असेल तर नवे तेल भरून काही दिवस आवाजाकडे लक्ष ठेवीन, आणि बोटांना टोचणारे धातूचे कण हाती लागले तर गिअरबॉक्स उतरवण्यासाठी गॅरेजची वेळ घेईन.